वाचनाचा रविवार

फेरो बेटांवरचं आमचं गाव. बावन्न माणसं, साडेचारशे मेंढ्या,
आणि डांबर फासलेलं लाकडी चर्च, छपरावर गवत.
पाळकबाई महिन्यातून एकदा येतात, बोट लागली तर.
उरलेल्या रविवारी छापील प्रवचन वाचायचं काम माझ्याकडे.
आजचा विषय: आनंद.

गुरुवारपासून मी कुणाशी धड बोललेले नाही.
आईचा माग सन्नवानं विकला,
मला न विचारता,
राजधानीतल्या एका हॉटेलला.
शोभेसाठी.
सन्नवा माझी धाकटी बहीण. चर्चमध्ये ऑर्गन वाजवते.

प्रभू, तुला खरं सांगते,
माझ्या प्रार्थनेपेक्षा माझा राग जास्त नेमाचा आहे.
तो पहाटे चारला उठतो,
जेवणावरची वासना सोडतो,
एकच वाक्य रात्रभर घोळवतो आणि थकत नाही.
इतक्या निष्ठेनं मी तुझं कधी काही केलं असतं
तर आज इथे उभी राहताना गुडघे असे कापले नसते.

पहिल्या पानावर ‘आनंद’ अकरा वेळा आला.
मी तो बोटींच्या वेळापत्रकासारखा वाचला:
निघण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, धुकं असल्यास रद्द.

समोर सतरा जण.
होग्नी तिसऱ्या कडव्याला रडतो, दर वेळी, कुठलंही गीत असो.
त्याला विचारलं तर म्हणतो, डोळ्यांचा आजार.
आर्मगारची मुलगी मांडीवरच्या फोनकडे बघून हसते आहे.
सबंध देवळात तेवढाच काय तो आनंद,
आणि तो प्रवचनातून आलेला नाही.
(की तोही तुझ्याचकडून? मला आज हे विचारू नकोस.)
म्हातारी मालान टोपी न काढता बसली आहे.
जानेवारीत तिचा मुलगा जाळ्यासकट गेला.

मग गीत.
सन्नवानं ते मुद्दाम धावत घेतलं.
श्वासाला जागा नाही, शब्द एकमेकांच्या अंगावर.
मी मुद्दाम रेंगाळत गायले.
कडवं संपलं तेव्हा आम्ही दोघी दोन ओळींच्या अंतरावर होतो
आणि मंडळी मधल्यामध्ये,
भांडणाऱ्या आईबापांच्या पोरांसारखी,
कधी तिच्या बाजूनं, कधी माझ्या.

प्रभूची प्रार्थना मला तोंडपाठ आहे,
हीच तर अडचण.
क्षमेच्या ओळीपाशी मी नेहमी न थांबता पुढे जाते,
पायरी निसरडी आहे हे माहीत असलेल्या माणसासारखी.
आज तिथेच ऑर्गनचं बाकडं करकरलं.
मी अडखळले.
ओळ मंडळीनं पुरी केली, माझ्याशिवाय,
आणि मी नुसती ऐकत राहिले.
कुणी तरी माझ्या वतीनं उधारी फेडावी
आणि दुकानदारानं मान वर करूनही बघू नये, तसं.

बाहेर पडताना मालान म्हणाली,
“छान वाचलंस.”
“मालान, मला आत काहीसुद्धा वाटत नव्हतं.”
“मलाही नाही. जानेवारीपासून नाही.
मी बघायला येते, माझ्याशिवाय चालू आहे का.”
तिनं हातमोजे चढवले.
“चालू आहे,” म्हणाली, आणि उतारावरून गेली.

मेणबत्त्या विझवल्या. दानाचे पैसे मोजले.
दमट हवेनं आमचा दरवाजा फुगतो.
एकटीला लागत नाही:
एकीनं कडी धरून मागे रेलायचं,
दुसरीनं तेवढ्यात किल्ली फिरवायची.
सन्नवा कडीला लटकली. मी किल्ली घातली.
तिच्या बाहीला आईच्या कपाटाचा वास होता.
राग तिथेच होता, अजून आहे,
माग हॉटेलात आहे.

“ओढ,” मी म्हणाले.
गुरुवारनंतरचा पहिला शब्द.
ती म्हणाली, “ओढतेच आहे.”